शेवटच्या फ्लॉपीवरचे दिवस

आमच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत धूळ जाते, असं साहेब सांगायचे. पण खोलीत पाय ठेवला की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा आणि नवीन आलेला तर हात जोडायचाच काय तो बाकी राहायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. कंपनी खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. मी कर्जतची. टायपिंगची परीक्षा पास होऊन तिथं टायपिस्ट म्हणून लागले होते. मुंबईच्या हेड ऑफिसनं एक कॉम्प्युटर पाठवून दिला तेव्हा, या बाईला टाइप येतं ना, मग हिलाच द्या, असं म्हणून तो माझ्या गळ्यात बांधला.

पाच वर्षांत तो म्हातारा झाला. चालू केला की आतली डिस्क आधी घरघरायची, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि आता हा गेला असं वाटेपर्यंत पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. उन्हाळ्यात मी त्याचं झाकण काढून समोर टेबल फॅन ठेवायची. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. माझा स्वभाव मुळातच तापट, सासरी अजूनही त्याच्या गोष्टी सांगतात, आणि त्या मशीनपायी मी ऑफिसातल्या निम्म्या लोकांशी भांडले असेन.

कायम कामगारांची हजेरी त्यांच्या पंच कार्डावर व्हायची. कॉम्प्युटरमध्ये असायच्या त्या स्टोअरच्या मालाच्या याद्या आणि बदलीवाल्यांचे दिवस. बदलीवाले म्हणजे रोज सकाळी सातच्या आत गेटवर येऊन उभे राहणारे लोक. कायम कामगारांपैकी जितके आले नसतील तितक्यांना सुपरवायझर हाक मारून आत घ्यायचा, बाकीचे आल्या वाटेनं परत. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीवाल्याला कायम करावं लागतं, हे गेटवरच्या प्रत्येकाला पाठ होतं. साहेबांनाही पाठ होतं. म्हणून दर शनिवारी ते माझ्या दारात येऊन विचारायचे, "दोनशे तीसच्या वर कोण गेलं?" मी पडद्यावर बघून नावं सांगायची. सोमवारपासून त्या माणसाला हाक येणं बंद. याला ब्रेक म्हणत. दोनेक महिन्यांनी तो पुन्हा गेटवर उभा राहायचा आणि त्याचे दिवस एकपासून सुरू व्हायचे.

माझा थोरला भाऊ बदलीवाला होता. आई गेल्यावर घरात आणि शेतावर माणूस हवं म्हणून सातवीतून तो बाहेर पडला आणि मी शिकत राहिले. आधी दोनदा त्याला ब्रेक मिळाला, तेव्हा त्याचं नाव साहेबांना मीच सांगितलं होतं. न सांगून भागणार नव्हतं, साहेब अधूनमधून स्वतः पडद्यात डोकावायचे. दुसऱ्या वेळी तो दोनशे छत्तीसवर होता. त्या संध्याकाळी खोपोलीच्या गाडीत तो माझ्यासमोर बसला होता आणि कर्जत येईपर्यंत माझ्या मुलाच्या खोकल्याची चौकशी करत होता. मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

तेव्हापासून मला एक सवयच लागली. रोज संध्याकाळी सुपरवायझरची चिठ्ठी आली की मी सगळ्यांचे दिवस भरायची आणि शेवटी दादाच्या नावापुढचा आकडा बघून मशीन बंद करायची. बाकी चाळीस-बेचाळीस जणांचे आकडे माझ्या डोळ्यांखालून जायचे, ध्यानात एकाचाही राहायचा नाही. दादाचा मात्र झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. भाताच्या लावणीच्या दिवसांत त्यानं एकदाही खाडा केला नव्हता, वहिनीनं शेजारणींना घेऊन लावणी उरकली होती. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो दोनशे एकतीसवर होता. नऊ दिवस राहिले होते.

आणि साहेब दोन शनिवार काही विचारायला आले नव्हते. कारण हेड ऑफिसचं पत्र आलं होतं. सगळ्या कारखान्यांना हजेरीचा एकच नवा प्रोग्रॅम बसवायचा, तो आपल्या जुन्या डॉसवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सिस्टीमवर, चालत नाही, तेव्हा आधी नवं डॉस घालावं लागेल, दसऱ्यानंतर मुंबईहून इंजिनियर येईल, तोवर सगळ्या माहितीचा फ्लॉप्यांवर बॅकअप काढून ठेवा. साहेब त्याच गडबडीत होते. मी मनातल्या मनात त्या डॉसचे आभार मानत होते. अजून आठ-दहा दिवस हे घोळ चालले की दादा सुटला, एवढंच मला दिसत होतं.

बॅकअप मी दोन दिवस बसून काढला. बावीस फ्लॉप्या झाल्या. तळहातापेक्षा मोठ्या, काळ्या, वाकणाऱ्या, आणि मध्ये एक लांबट खिडकी, जिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. प्रत्येकीवर आकडा घातला. बदलीवाल्यांची फाईल सगळ्यात शेवटी आली, बाविसाव्या फ्लॉपीवर.

बदलीवाल्यांचे दिवस दुसरीकडे कुठेच लिहिलेले नव्हते. कॉम्प्युटर आल्यावर त्यांचं हजेरीबुक बंद झालं, सुपरवायझरच्या चिठ्ठ्या दिवस भरला की टोपलीत जायच्या, पगाराच्या कागदावर त्या आठवड्याची एकूण माणसं असायची, नावं नाहीत. छापील यादी काढायची नाही अशी साहेबांची सक्त ताकीद होती. कागद राहिला की युनियनच्या हाती लागतो, असं ते म्हणायचे.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. बॉयलरला हार, वजनकाट्याला झेंडू, वेल्डरच्या पेटीला हळदकुंकू. साहेब स्वतः नारळ फोडायचे. कॉम्प्युटरची पूजा माझ्याकडे. मी सकाळीच न्हाऊन, नवी साडी नेसून आले होते. मशीनच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बोट भिजवून कुंकू लावलं, कीबोर्डवर फूल ठेवलं. मग नजर फ्लॉप्यांच्या खोक्याकडे गेली. दोन दिवसांची माझी मेहनत त्यात होती. आणि खरं सांगायचं तर दादाचे दिवस त्यात होते. बाकी एकवीस आत राहू दिल्या आणि बावीस नंबरची बाहेर काढून खोक्यावर आडवी ठेवली. टिळा कुठे लावायचा? ती चकतीची खिडकी कपाळासारखी दिसली. तिथे ओलं कुंकू लावलं, वर चार अक्षता टाकल्या, हात जोडले. नऊ दिवस निभावून ने, असं काहीतरी पुटपुटले असेन. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी येऊन अक्षता झटकल्या, फ्लॉपी पाकिटात घालून खोक्यात ठेवली आणि कुलूप लावलं.

इंजिनियर त्यानंतर दोन दिवसांनी आला. पंचविशीतला पोरगा. बूट काढताना त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक दिसलं आणि मला जरा धीर आला. त्यानं नव्या डॉसची फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं आणि एक हुकूम टाइप केला. मशीननं उत्तर दिलं की नवी सिस्टीम ठेवायला डिस्कवर जागा नाही.

"जागा नाही कशी? अर्धी डिस्क रिकामी आहे," मी म्हटलं.

"जागा आहे हो बाई. पण सिस्टीमला सगळ्यात पुढची जागा लागते, सलग. तिथे आता जुनी बसलीये आणि तिला चिकटून तुमच्या फायली. नवी हिच्यापेक्षा जाड आहे, मावत नाही."

"मग?"

"मग डिस्क पुसायची. कोरी करायची, नवी सिस्टीम टाकायची आणि तुमची माहिती फ्लॉप्यांवरून परत भरायची. बॅकअप आहे ना?"

"आहे."

"तपासलाय?"

बावीस फ्लॉप्या मी दोनदा मोजल्या होत्या. तपासणं म्हणजे तेच, अशी माझी समजूत. "तपासलाय," मी म्हटलं.

पुसायच्या आधी मशीननं विचारलं की डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का? इंजिनियरनं खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही दाबा. मशीन तुमचं आहे." मी 'हो'चं बटण दाबलं. पडद्यावर आकडे चढायला लागले. डिस्कचा कितवा भाग पुसून झाला ते दाखवणारे आकडे, दुसरं काही नाही. पण दोनशे एकतीस येऊन गेला तेव्हा मी खोक्यातलं बावीस नंबरचं पाकीट चाचपून बघितलं. खोलीत थंड हवेचं मशीन चालू होतं आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

डिस्क कोरी झाली, नवी सिस्टीम बसली. आता माहिती परत भरायची. त्यानं आमच्या जुन्या फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम सुरू केला तर मशीननं एका ओळीत तोंड फिरवलं : डॉसची आवृत्ती चुकीची. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी त्याच्याकडे बघतेय, तो पडद्याकडे बघतोय.

"आता?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "पुसायच्या आधी हे कळलं नाही का तुम्हाला?"

"थांबा हो बाई, ओरडू नका." त्यानं नव्या फ्लॉप्या उलटसुलट केल्या, एक घातली, यादी बघितली आणि श्वास सोडला. "नव्या डॉसबरोबर त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम येतो. जुना चालत नाही नव्यावर. माझीच चूक."

तो चालला. एक नंबरची फ्लॉपी घातली, फायलींची नावं एकामागून एक पडद्यावर सरकली. दोन. तीन. दर वेळी ड्राइव्ह खरखरायचा आणि दर वेळी मी श्वास धरायची. जेवणाचा भोंगा झाला, आम्ही दोघंही उठलो नाही. एकोणीस. वीस. एकविसावी संपली तेव्हा तो म्हणाला, "झालंच की बाई, उगाच टेन्शन घेता." मी बावीस नंबरची त्याच्या हातात दिली.

ड्राइव्हचा आवाज बदलला. खरखर थांबून एक कोरडी टकटक सुरू झाली. मग पडद्यावर आलं : माहिती वाचता येत नाही. सोडून देऊ, पुन्हा बघू, की दुर्लक्ष करू? त्यानं 'पुन्हा' दाबलं. टकटक. परत 'पुन्हा'. दहा-बारा वेळा तरी दाबलं असेल. शेवटी त्यानं फ्लॉपी बाहेर काढून खिडकीकडे उजेडात धरली.

मला ती बघायची गरज नव्हती. पहिल्या टकटकीलाच मला कळलं होतं.

"हे लाल काय आहे?"

मी म्हटलं, "खंडेनवमीला सगळ्या मशीनींची पूजा असते. कुणीतरी लावलं असेल."

कुणीतरी. हा शब्द मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

इंजिनियरनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवून डाग पुसायचा प्रयत्न केला. कुंकवाबरोबर चकतीचा तपकिरी थरही कापसावर आला. त्यानं कापूस टाकून दिला आणि साहेबांना बोलवायला सांगितलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पूजा त्यांच्याच डोळ्यांसमोर झालेली, नारळ त्यांनीच फोडलेला, तेव्हा कुंकू कुणी लावलं हे कुणी विचारलंच नाही. "स्टोअरचं सगळं आलं ना? मग ठीक आहे," ते म्हणाले. "बदलीवाल्यांचे गेले तर गेले. आजपासून मोजा. एकपासून." त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती. उलट मोठं ओझं उतरल्यासारखे ते दिसले, आणि त्या माणसाचा मला एवढा राग आला की मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले. पण दिवस घालवले मी होते. बोलणार कोणत्या तोंडानं?

कारखान्यात बातमी राहत नाही. तीनच्या भोंग्याला पहिली पाळी सुटली आणि बदलीवाले गेटबाहेर जमिनीवर बसले. दुसऱ्या पाळीला माणसं कमी पडली म्हणून सुपरवायझरनं त्यांनाच हाका मारल्या, एकही उठला नाही. त्यात दादा होता, दसऱ्यापासून त्याला एकदाही हाक आली नव्हती तरी बातमी ऐकून आलेला. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होते. तो चवड्यांवर बसून काडीनं मातीत रेघा मारत होता. युनियनचा माणूस आत येऊन साहेबांशी बोलला. इंजिनियरनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की बॅकअप खराब निघाला, म्हणजे दोष कंपनीचा, कामगारांचा नाही. आणि नवा प्रोग्रॅम प्रत्येक माणसाचे आजवरचे दिवस भरल्याशिवाय पुढे सरकत नाही, हेही सांगितलं. त्याला दुसऱ्या दिवशी रात्रीच्या आत मुंबईला परत जायचं होतं.

"आजवरचे दिवस आणू कुठून?" साहेब म्हणाले.

मला माझ्या स्वयंपाकघरातली भिंत आठवली. "कॅलेंडर," मी म्हटलं. "दुधाचे खाडे सगळ्यांच्या घरी कॅलेंडरवर लिहितात. नवरा कामावर गेला की त्याचीही खूण करतात. आणायला सांगा."

साहेब हसले. बायकांनी काय टिंबं टाकलीयत ती टाकलीयत, दिवस कमीच भरतील, असा त्यांचा अंदाज असावा. गेटवरचे लोक उठायला दुसरा मार्गही नव्हता. "चालेल," ते म्हणाले. "यादी तुम्ही करायची, खाली सही तुम्ही करायची. तुमच्या सहीवर माझी सही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकेचाळीस माणसं बगलेत कॅलेंडरची गुंडाळी घेऊन आली. वर देवाचं चित्र, खिळ्याचं भोक मोठं झालेलं, पानांना तेलाचे हात. चपला बाहेर काढून एकेक जण आत यायचा आणि माझ्या टेबलावर पानं उलटायचा. तारखेच्या चौकोनात दुधाचा आकडा आणि बाजूला कामाची खूण. कुणाची फुली, कुणाचं टिंब, कुणाची मुलाच्या लाल पेन्सिलीची रेघ. एकीनं नवऱ्याच्या कामाला आणि गिरणीत दळायला जायला एकच खूण वापरलेली, तिचा नवरा बिचारा प्रत्येक तारखेवर बोट ठेवून आठवत बसला. मी मोजायची, इंजिनियर माझ्यामागून मोजायचा, आकडा जुळला की टाइप करायची.

दिवस कमी भरत नव्हते. सात जणांचे तर दोनशे चाळीसच्या वर गेले. साहेब एकदा डोकावून गेले, त्यांचं हसणं मावळलं होतं. मलाही कुठेतरी खटकत होतं, इतके असतील का सगळ्यांचे? पण मला कुणाचाच आकडा आठवत नव्हता. कॅलेंडरवर होतं ते भरत गेले.

बाराच्या सुमाराला दादा आला. कॅलेंडर त्यानं सरळ करून माझ्यासमोर ठेवलं. वहिनीची खूण म्हणजे निळ्या पेनानं केलेला छोटा गोल, एकाही गोलाला गडबड नाही. मी मोजले. इंजिनियरनं मोजले. "दोनशे त्रेचाळीस," तो म्हणाला. "झाले की हो यांचे."

मी पुन्हा पानं उलटली. ऑगस्टमधले तीन गोल, सप्टेंबरमधले पाच, ऑक्टोबरमधले चार. त्या दिवशी तो आत आला नव्हता. त्या संध्याकाळी त्याचा आकडा हलला नव्हता म्हणून माझा जीव कासावीस झाला होता, तारखा मला पाठ होत्या. इंजिनियर पाणी प्यायला बाहेर गेला तसं मी हळू आवाजात म्हटलं, "दादा, ह्यात बारा दिवस जास्त आहेत."

"त्या दिवशी गेटवरनं परत धाडलं," तो म्हणाला. "पाटं उठून ती डबा करते गं. तो भरलेला डबा घेऊन सातालाच घरी काय तोंडानं जाणार? पळसदरीला उतरायचो. टेसनावर बसायचो, डबा खायचो, आन् पाळी सुटायच्या टायमाला घरी."

"बाराही दिवस?"

"सगलेच बसतात, बाय. मी एकलाच नाय."

तेव्हा मला सकाळपासून खटकत होतं ते उमगलं. एकेचाळीस कॅलेंडरं होती आणि त्या प्रत्येकात असे दिवस होते. मी ते सगळे भरून टाकले होते, माझ्या हातानं, कारण त्या माणसांचे खरे आकडे मी कधी लक्षातच ठेवले नव्हते.

"तुज्या वैनीला नको सांगू," दादा म्हणाला. "बाकी तुला काय करायचं ते कर." त्यानं मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

साहेब दारात आले. "हा तुमचा भाऊ ना, बाई? मग जरा नीट मोजा. लोक बघतायत." मागे रांगेतली चार-पाच माणसं होती. इंजिनियरही ग्लास हातात घेऊन उभा होता. त्यानं दोनशे त्रेचाळीस म्हटलेलं होतं, मला फक्त तीन बटणं दाबायची होती. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. भावाचे दिवस वाढवले असं उद्या कुणी म्हटलं तर यादी पुन्हा तपासतील. यादी तपासली की बॅकअप तपासतील. मग फ्लॉपी, मग डाग, आणि मग खोक्याची किल्ली फक्त माझ्याकडे होती हे कुणाच्या तरी ध्यानात येईल. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की तेव्हा मी खरेपणानं वागले. खरेपणा कसला, मला भीती वाटली होती.

"बारा गोल दुसऱ्या कामाचे आहेत," मी मोठ्यानं म्हटलं. "ते वजा करून दोनशे एकतीस." आणि टाइप केलं.

दादानं कॅलेंडर गुंडाळलं. "बराबर हाय," तो इंजिनियरला म्हणाला आणि चपला घालून गेला. त्याच्या मागच्या माणसाचे दोनशे अडुसष्ट... नाही, एवढे नसतील, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्याच्या कॅलेंडरवरचे सगळेच्या सगळे मी भरले.

यादी दुसऱ्या दिवशी गेटवर लागली. खाली माझी सही, तिच्याखाली साहेबांची. दोनशे चाळीसच्या वर गेलेल्या सात जणांना पुढच्या काही महिन्यांत कायम करावं लागलं, युनियननं ती यादीच पुढे धरली. त्या शनिवारी साहेबांनी मला काही विचारलं नाही, यादी त्यांच्या खिशात होती. सोमवारपासून दादाला हाक आली नाही. त्यानं आठवडाभर गेटवर येऊन पाहिलं आणि मग यायचं थांबवलं. पुढे तो कर्जतला एका भाताच्या गिरणीत लागला. कारखान्यात परत उभा राहिला नाही.

आपल्या हातानं सगळ्या परक्यांना दिलं आणि ज्याचे दिवस रोज मोजले त्यालाच तेवढं नाकारलं, ह्याचा मला इतका संताप यायचा की त्या महिन्यात मी मुलाला दोनदा विनाकारण मारलं. दादावरही राग यायचा. त्या टेसनावर बसायचं होतं तर मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर काय झालं असतं, हे मात्र मला ठरवता येत नसे.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी वहिनी एकटीच माझ्या घरी आली. एरवी ती भावाबरोबर यायची, येताना काकड्या नाहीतर नवे पोहे घेऊन यायची. त्या दिवशी तिच्या हातात फक्त कॅलेंडर होतं. मी चहा टाकला. तिनं कॅलेंडर माझ्या ओट्यावर उलगडलं.

"वन्सं, तुमी चुकलाव," ती म्हणाली. "मी सगला परत मोजला. दोनशे तेतालीस हाय. तुमी बारा कमी लिवलं."

मी चहात साखर टाकत राहिले. तिला वाटलं मला पटत नाही.

"माजी एक पन खून खोटी नाय. ह्या बारा दिवसांचा डबा मीच भरलाय ना. सांजच्याला रिकामा यायचा, घासून ठेवायची नि मग गोल करायची. कामावर नसतं गेलं तर जेवलं कुठं? तुमीच सांगा."

पळसदरीचा तो फलाट मला ठाऊक आहे. एक बाक, एक नळ, दिवसभर माणूस नसतं. भाकरी सोडून तिथं बसलेला दादा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यानं डब्यातलं एक शितही उरू दिलं नसणार, कारण डबा रिकामा गेला पाहिजे होता.

"सांगा की," वहिनी म्हणाली.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे पाठ करूनच म्हटलं, "बरोबर आहे तुमचं, वहिनी. माझी मोजण्यात चूक झाली."

"मंग दुरुस्त करा."

"आता होत नाही."

मग तिनं कॅलेंडरची गुंडाळी केली, पदर खोचला आणि दाराशी गेली. आजवर ती मला कधी अगं-तुगं बोलली नव्हती.

"तुला शिकवायला तो शालेतनं निंगाला," ती म्हणाली, "आन् तुला त्याचं बारा दिवस मोजता नाय आलं."

मी म्हटलं, "हो."